उतार हा प्लॉटचा दोष नव्हे

मुळशी, पानशेत, कर्जत, पाचगणी, दापोली, मंडणगड. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत घर बांधण्याची एक रीत पक्की झाली आहे. जागेची खरेदी झाली की पहिल्यांदा येतो तो जेसीबी. वरच्या अंगाची माती कापायची, ती खालच्या अंगाला लोटायची, कापलेल्या बाजूला उंच भिंत घालायची आणि तयार झालेल्या मैदानावर शहराच्या उपनगरात शोभेल असा चौकोनी बंगला उभा करायचा. नकाशा काढणारा माणूस बहुतेक वेळा नंतर येतो, आणि त्याला जागा मिळते ती सपाट झालेली.

याला हरकत घेतली की ठरलेली उत्तरं मिळतात. बांधकाम व्यावसायिक ती देतात, अभियंते देतात आणि आयुष्यभराची पुंजी घालून चार खोल्या बांधू पाहणारी साधी माणसंही देतात. उतारावर आजच्या कुटुंबाला लागणारं घर बसत नाही. मोटार, मोठं स्वयंपाकघर, प्रशस्त हॉल यांना सपाट जागा लागते. माती धरून ठेवायला काँक्रीटची भिंत असते, तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. आपल्या शेतकऱ्यांनीही पिढ्यान्पिढ्या डोंगर कापूनच भातखाचरं केली. पायऱ्या-पायऱ्यांचं घर घरातल्या वडीलधाऱ्यांना सोसत नाही. डोंगराशी जुळवून घेणारं घर महाग पडतं, ते श्रीमंतांचं काम. आणि शेवटी, जागा आमची, पैसा आमचा.

ही उत्तरं देणारे बहुतेक लोक मनापासून बोलत असतात, म्हणून त्यांना मुद्देसूद प्रत्युत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की या सगळ्या युक्तिवादाच्या मुळाशी एकच चूक आहे: उतार हा प्लॉटचा दोष आहे आणि घर बांधण्याआधी तो दुरुस्त करायला हवा, हे गृहीतक. उतार म्हणजे असंख्य पावसाळ्यांनी माती, दगड, मुळं आणि पाणी यांच्यात बसवलेला तोल आहे. घर डोंगराशी जुळलं की नाही, हे ते दिसतं कसं यावरून ठरत नाही. ते उभं राहिल्यावर त्या तोलाचं काय झालं, यावरून ठरतं.

भिंतीचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्या युक्तिवादांचा धीर या भिंतीवर टेकलेला आहे.

आपला डोंगर आतून एकजिनसी नाही. देशावर काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले आहेत, आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा असतो. वरच्या अंगाला झिजलेला दगड आणि मुरूम. कोकणात वर जांभा आणि त्याखाली फिकट, चिकट माती. बऱ्याच गावांत तिला शेडी म्हणतात. जांभा पाणी आत घेतो, शेडी ते अडवते, आणि त्या सांध्यावरून पाणी आडवं सरकत जाऊन डोंगराच्या कुशीत झरा फुटतो. उताराचा पायथा कापणारा माणूस कित्येकदा नेमका हाच सांधा उघडा करतो. वरच्या मातीला ज्याचा टेकू होता तो काढून घेतलेला असतो, आणि ज्या वाटेने पाणी आतल्या आत सरकत होतं ती वाट उघड्यावर आलेली असते. आता हे सगळं धरून ठेवण्याचं काम एका भिंतीने करायचं.

तिच्यावर किती भार येतो? मातीचा दाब भिंतीच्या उंचीच्या वर्गाने वाढतो, आणि भिंतीला उलथवणारा जोर उंचीच्या घनाने. म्हणजे तसल्याच मातीत एक मीटरच्या भिंतीऐवजी तीन मीटरची भिंत घातली, तर तिला ढकलणारा जोर तिप्पट होत नाही. तो नऊपट होतो आणि उलथवणारा जोर सत्तावीसपट. यात पाण्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही. दहा गुंठे जागा म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. घाटमाथ्यावर आणि कोकणात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस ही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. त्या दिवशी एकट्या त्या प्लॉटवर दोन लाख लिटर पाणी पडतं. वरच्या डोंगरावरून येणारं वेगळं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला.

हे पाणी भिंतीमागे साठलं की माती जड होते, तिची स्वतःची पकड सैल होते आणि वर पाण्याचा स्वतंत्र दाब येतो. म्हणून चांगला अभियंता भिंतीमागे खडी-दगडाचा थर घालतो, पाणी जायला भोकं ठेवतो आणि खाली चर काढतो. पण पाच-सात पावसाळ्यांत गाळाने ती भोकं बुजतात आणि ती साफ करायला कोणी नसतं. भिंत बांधल्या दिवशी भक्कमच असते. प्रश्न पंधराव्या पावसाळ्याचा आहे, आणि तोवर ठेकेदार, दलाल आणि कित्येकदा पहिला मालकही तिथे नसतो. तंत्रज्ञान पुढे गेलं आहे हे खरं. त्या तंत्रज्ञानाचा पहिला धडाच असा आहे की उंच भिंतीची वेळ येऊ देऊ नये.

इथे माळीण, तळिये आणि इरशाळवाडी ही नावं घ्यावी लागतात, आणि ती जबाबदारीने घ्यायला हवीत. ३० जुलै २०१४, २२ जुलै २०२१ आणि १९ जुलै २०२३ या दिवशी तिथे जी माणसं दरडींखाली गाडली गेली, त्यांनी बंगल्यांसाठी डोंगर फोडले नव्हते. त्यांचं मरण कोणत्याही युक्तिवादाच्या सोयीसाठी वापरू नये. पण त्या तीन रात्री-दिवसांनी एक गोष्ट निर्विवाद दाखवली: सलग पावसाने जड झालेला सह्याद्रीचा उतार हलू शकतो, आणि हलला तर त्याच्यापुढे काहीही टिकत नाही. हे डोळ्यांसमोर घडलेलं असताना, केवळ हिरवळीचा तुकडा आणि मोटार फिरवायला जागा हवी म्हणून दुसऱ्या उताराचा पायथा कापायला निघणं हे अक्षम्य आहे.

दुसरा युक्तिवाद शेतकऱ्याचा. भातखाचरं म्हणजे कापलेला डोंगरच, असं सांगतात. कोणत्याही घाटातून खाली पाहिलं तर याचं उत्तर समोर दिसतं. खाचराचा बांध कमरेएवढा, फार तर छातीएवढा. एका उंच तुटलेल्या कड्याऐवजी लहान-लहान टप्प्यांची माळ. बांध सरळ रेषेत जात नाही. डोंगर वळतो तिथे बांध वळतो. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी ठरलेल्या तोंडातून खालच्या खाचरात उतरतं आणि शेवटी ओढ्याला मिळतं. दरवर्षी आगोटीला बांधाची डागडुजी होते. कोकणातल्या घरांचंही असंच. जोतं उताराच्या अंगाने बसवलेलं, मागच्या बाजूला पागोळ्यांचं आणि डोंगराचं पाणी वळवणारा चर, आवाराला जांभ्याचा गडगा, ज्याच्या फटींतून पाणी वाट काढतं, आणि वाडीतून वर जायला पाखाडी. या माणसांनी डोंगरात हस्तक्षेप केला, यात शंका नाही. पण त्यांनी तो लहान टप्प्यांत केला, पाण्याची वाट मोकळी ठेवली आणि त्याची देखभाल स्वतःच्या हाती ठेवली. जेसीबीने दोन दिवसांत पाडलेल्या तीन मीटरच्या सरळ कापाला या परंपरेची साक्ष काढता येणार नाही. ती परंपरा माझ्या बाजूने साक्ष देते.

आता आधुनिक घराचा प्रश्न. आजच्या कुटुंबाच्या गरजा खऱ्या आहेत, त्यांची टर उडवण्यात अर्थ नाही. दोघंही नोकरी करणारे नवरा-बायको, घरून काम करायची खोली, मुलांना वेगळी खोली, आई-वडिलांची सोय, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, सुटीत येणारे पाहुणे. हे सगळं बसवायला १८० चौरस मीटरचं जोतं धरू. उतार १:६, म्हणजे सहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली.

पहिला पर्याय प्रचलित. १५ मीटर रुंद आणि उताराच्या दिशेने १२ मीटर खोल असं घर, सगळं एका पातळीवर. घराच्या वरच्या आणि खालच्या टोकात दोन मीटरचा फरक पडतो. तेवढं कापायचं तर १८० घनमीटर खोदकाम, म्हणजे सुमारे ६४ ब्रास, आणि मागे दोन मीटरचा काप. दुसरा पर्याय, तेच घर चार-चार मीटरच्या तीन टप्प्यांत उतरवायचं. खोदकाम ६० घनमीटरवर येतं, म्हणजे सुमारे २१ ब्रास, आणि प्रत्येक टप्प्याचा काप ६७ सेंटिमीटर, गुडघ्याच्या थोडा वर. तिसरा पर्याय मला सर्वांत पसंत आहे: घर समउंचीच्या रेषेवर लांब करायचं. सहा मीटर खोल, तीस मीटर लांब. क्षेत्रफळ तेच. खोदकाम निम्मं, मागचा काप एक मीटर, आणि घरात एकही पायरी नाही. शिवाय एकाच खोलीची रुंदी असल्यामुळे प्रत्येक खोलीला दोन्ही अंगांनी खिडक्या मिळतात. पावसाळ्यात चार महिने ओल धरणाऱ्या मुलखात आरपार वाऱ्याचं मोल काय, हे ज्याच्या कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली आहे त्याला सांगावं लागत नाही. उलट कापलेल्या बाजूला टेकलेली खोली कायम दमट राहते. त्या भिंतीला कितीही रसायनं फासली तरी पलीकडे ओला डोंगर असतो.

तिन्ही पर्यायांत कुटुंबाला तेवढीच जागा मिळते. फरक पडतो तो कागदावर आधी काय काढलं यामुळे. आपल्याकडे घराचा विचार वरून पाहिलेल्या नकाशाने सुरू होतो: इथे हॉल, तिथे किचन, ईशान्येला देवघर. सपाट जागेवर ते चालतं. उतारावर पहिला कागद उभ्या छेदाचा हवा. जमीन कुठून कुठे उतरते, खडक किती खोल आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, कोणत्या झाडाची मुळं माती धरून आहेत, हे त्या छेदात आलं की खोल्या आपापली जागा शोधतात. दिशांबद्दल ज्यांची श्रद्धा आहे त्यांचं देवघरही त्यात बसतं. त्यासाठी नैर्ऋत्येला भराव घालून उंचवटा करण्याची गरज नसते.

हे आधुनिक नाही, असं कोणी म्हणू नये. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी वास्तुकारांपैकी एक फ्रँक लॉइड राइट यांनी १९११ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्वतःचं घर, टॅलिएसिन, बांधलं ते टेकडीच्या माथ्यावर नव्हे, माथा मोकळा ठेवून त्याच्या खाली, उताराला धरून. श्रीलंकेत जेफ्री बावा यांनी १९९० च्या दशकात दांबुलाजवळ कांडलामा हॉटेल उभारलं. ती मोठी इमारत कड्याला बिलगून लांबवर वळत जाते, आणि बराच भाग खांबांवर उचललेला असल्यामुळे पावसाचं पाणी तिच्याखालून तलावाकडे निघून जातं. केरळात लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरमला एका खडकाळ उतारावर स्वतःचं घर बांधलं आणि त्याच शहरातल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या परिसरात इमारती टेकडीच्या वळणाने बसवल्या. बेकर यांचं नाव मुद्दाम घेतो, कारण त्यांची ख्याती कमी खर्चातल्या घरांची. डोंगराशी जुळवून घेणं हे श्रीमंतांचं काम, या समजुतीला त्यांचं अख्खं आयुष्य उत्तर देऊन गेलं आहे.

तरी खर्चाचा मुद्दा टाळणार नाही. टप्प्यांच्या घराचं काम किचकट असतं. मिस्त्री कसबी लागतो, सेंट्रिंगला वेळ लागतो, छपराच्या सांध्यांवर लक्ष ठेवावं लागतं. वास्तुकाराची फी लागते, समउंची रेषांची मोजणी लागते, मातीची तपासणी लागते. हे खर्च दिसतात, कारण त्यांची बिलं येतात. सपाटीकरणाचे खर्च वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले असतात: खोदाई, खडक फोडणं, मुरुमाचं स्वामित्वधन, वाहतूक, भराव, उंच भिंत, पुढे भरावावरच्या फरशा खचल्या की त्यांची दुरुस्ती. अर्धं घर कापलेल्या कठीण जमिनीवर आणि अर्धं भरावावर असलं की भराव बसत जातो, कठीण जमीन बसत नाही, आणि घराच्या मधोमध तडा जातो. दोन्ही याद्या शेजारी मांडून बेरीज करा, एवढीच माझी मागणी आहे. ती बेरीज न करताच महाग-स्वस्त ठरवलं जातं.

एक धोका मात्र आमच्या बाजूच्या लोकांनी स्पष्टपणे मान्य केला पाहिजे. उतारावर खांबांवर उचललेलं घर वरच्या अंगाला आखूड आणि खालच्या अंगाला लांब खांबांवर उभं असतं. भूकंपात आखूड खांब जास्त ताठ असल्यामुळे जास्त जोर स्वतःवर ओढून घेतात आणि आधी मोडतात. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्या प्रदेशाने पाहिली, तिथे हे विसरून चालणार नाही. त्यामुळे मासिकातलं चित्र बघून खांबांवर घर उचलणं हेही अडाणीपणाचंच. अनुभवी संरचना अभियंत्याकडून आराखडा, खांबांना बांधून ठेवणाऱ्या तुळया, पाया थेट पक्क्या थरापर्यंत, हे सगळं करावंच लागतं. डोंगराचा आदर हा हिशेब टाळण्याचा परवाना नव्हे.

वडीलधाऱ्यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. गुडघे दुखणाऱ्या आईला रोज चौदा पायऱ्या चढायला लावणारं घर कितीही देखणं असलं तरी ते चुकीचं घर आहे. पण यासाठी डोंगर कापावा लागत नाही. रस्त्याच्या पातळीवर ओटा, बैठक, स्वयंपाकघर, देवघर, आई-वडिलांची खोली आणि न्हाणीघर एका रेषेत ठेवा. वर सांगितलेलं लांब घर हेच करतं. मुलांच्या आणि पाहुण्यांच्या खोल्या खालच्या टप्प्यावर जाऊ देत, त्यांचे पाय धड आहेत. मोटार रस्त्याच्या कडेलाच थांबवा. तिला दारापर्यंत आणण्यासाठी कापलेला रस्ता कित्येकदा घरापेक्षा मोठी जखम करतो. आणि हेही लक्षात घ्या की कापून सपाट केलेल्या बंगल्यांना बहुधा वरचा मजला असतोच, आणि त्याचे जिने उंच असतात. म्हाताऱ्यांची काळजी तेव्हा कुठे जाते?

राहिला मालकीचा युक्तिवाद. सात-बाऱ्यावर नाव तुमचं असेल. पाणी त्या सात-बाऱ्यावर थांबत नाही. तुम्ही वळवलेला ओहोळ खालच्या वाडीत शिरतो. तुम्ही लोटलेली माती खालच्या शेतात उतरते. तुम्ही उघडा केलेला सांधा खालच्या विहिरीचा झरा आटवू शकतो. जून २०१३ मध्ये कात्रजच्या घाटाजवळ शिंदेवाडीला फोडलेल्या डोंगरावरून पाण्याचा लोंढा रस्त्यावर आला आणि त्यात मायलेकी वाहून गेल्या. त्या कोणाच्याही प्लॉटवर अतिक्रमण करायला गेल्या नव्हत्या. सार्वजनिक रस्त्याने चालल्या होत्या. डोंगरावरच्या खासगी निर्णयाची किंमत पायथ्याशी कोणी तरी अनोळखी माणूस मोजतो, म्हणूनच कायदा मध्ये येतो. महाराष्ट्रात डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्रात १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात डोंगर कापायला स्वतंत्र परवानगी लागते. आधी उतार कापून सौम्य करायचा आणि मग मोजणी बोलवायची, ही पळवाट वापरणारा माणूस नियमाला फसवत नाही, खालच्या वाडीला फसवतो.

डोंगरावर घर बांधूच नये, असं म्हणणारा एक पक्ष आहे. तीव्र उतार, झऱ्यांची उगमस्थानं, दाट रान आणि दरडीच्या वाटा यांबाबत तो पूर्ण बरोबर आहे. तिथे कितीही संवेदनशील घर नको. पण सौम्य उतारांवर माणसं शतकानुशतकं राहत आली आहेत आणि राहणार आहेत. त्यांना नुसती मनाई सांगून भागत नाही, राहण्याची रीत सांगावी लागते. दुसऱ्या टोकाला, डोंगर कापून झाल्यावर दर्शनी भिंतीला दगडी क्लॅडिंग, छपरावर गवत आणि आवारात परदेशी झाडं लावून निसर्गाशी एकरूपतेची जाहिरात करणारे आहेत. उतारावरची कारवी, करवंदाच्या जाळ्या, आईन-किंजळ उपटून टाकल्यावर त्या हिरवळीला काय अर्थ? कारवीच्या मुळांनी ती माती धरली होती.

घर बांधणाऱ्या कुटुंबाकडे माझी मागणी साधी आहे. जागा घेतल्यावर एक अख्खा पावसाळा ती जागा बघा, भर पावसात तिथे उभे राहून पाण्याच्या वाटा नोंदवा. समउंचीच्या रेषांची मोजणी करून घ्या. वास्तुकाराकडे पहिल्या भेटीत दर्शनी चित्र मागू नका, उभा छेद मागा. त्यात एका माणसापेक्षा उंच काप दिसला तर तो आराखडा परत करा. घराच्या वरच्या अंगाने येणारं प्रत्येक पाणी खाली कुठे आणि कसं बाहेर पडणार, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. आणि परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायती, नगरपंचायती व नगररचना कार्यालयांनी उतारावरच्या प्रत्येक अर्जासोबत मूळ जमिनीचा छेद आणि पाण्याचा आराखडा सक्तीचा करावा, तोही जेसीबी चढण्याआधी. सपाट जागा हवी असणाऱ्यांना सपाट जागा घेण्याची पूर्ण मुभा आहे. ज्यांनी डोंगर निवडला, त्यांनी डोंगर राहू द्यावा.